एजंटला दिसतं तेवढंच

२०२४च्या डिसेंबरमध्ये अँथ्रॉपिक या कंपनीच्या अभियंत्यांनी आपल्या एका प्रयोगाची हकीकत लिहिली. त्यांचा एआय एजंट तक्रारी वाचून सॉफ्टवेअरमधले दोष दुरुस्त करायचा, आणि फाइली हाताळायला त्याला एक टूल दिलेलं होतं. काम करता करता तो मूळ फोल्डरमधून बाहेर पडला, की त्याच्याकडून फाइलचा पत्ता चुकायचा. पत्ता ‘इथून पुढे’ अशा पद्धतीनं द्यायची मुभा होती, आणि ‘इथून’ म्हणजे नेमकं कुठून, तेच आता बदललेलं असायचं. अभियंत्यांनी टूलच बदललं: यापुढे पहिल्यापासून शेवटपर्यंतचा पूर्ण पत्ताच द्यायचा. चूक थांबली. एजंटला द्यायच्या मुख्य सूचनांपेक्षा टूलं घासूनपुसून नीट करण्यातच आपला जास्त वेळ गेला, असंही त्यांनी नोंदवलं.

एजंट म्हणजे नुसतं उत्तर देऊन न थांबता कामही करणारं भाषा-मॉडेल. ते फाइल उघडतं, माहिती शोधतं, ईमेल पाठवतं. पण यातलं काहीही थेट करत नाही. मॉडेल फक्त ‘अमुक टूल, अमुक माहिती देऊन चालवा’ असा मजकूर लिहितं आणि त्याबाहेरचा प्रोग्रॅम ते टूल चालवतो. ओपनएआय या कंपनीनं जून २०२३मध्ये ही सोय आपल्या मॉडेलांना जोडून दिली. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकनं ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा टूलं जोडण्यासाठीचा खुला संकेत जाहीर केला. दोन्हींत मॉडेलच्या हाती पडतं ते साधारण एवढंच: टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा तक्ता. आतला कोड सहसा त्याच्यासमोर नसतो.

हे वर्णन म्हणजे टूलचं डॉक्युमेंटेशनच, आणि सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन ही तशी जुनी विद्या. बेल लॅब्जमधल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक कमांडची माहिती ठरावीक मथळ्यांखाली, मोजक्या शब्दांत दिलेली, आणि त्यांतला एक मथळा चक्क ‘बग्ज’ असा. आपल्या वस्तूतले दोष आपणच छापून देण्याचा हा प्रामाणिकपणा पुढच्या कित्येक चकचकीत मॅन्युअलांना जमला नाही. तरी चालून गेलं, कारण वाचणारा माणूस होता. अडलं की तो शेजारच्या टेबलावर विचारायचा. पाककृतीत ‘मीठ चवीनुसार’ एवढं लिहिलेलं घरच्या माणसाला पुरतं. एजंटला चव नाही.

समजा, रेल्वेगाड्या शोधणारं एक टूल आहे आणि त्याचं वर्णन ‘गाड्यांची माहिती देते’ एवढंच आहे. प्रवासी म्हणतो, ‘पाच नोव्हेंबरला मुंबईहून नागपूर.’ एजंटनं तारीख ०५-११ अशी लिहिली, तर भारतीय पद्धतीनं ती ५ नोव्हेंबर आणि अमेरिकी पद्धतीनं ११ मे. मुंबई म्हणजे तरी कुठलं स्टेशन? सीएसएमटी, दादर, की लोकमान्य टिळक टर्मिनस? आणि उत्तरात रिकामी यादी आली, तर त्या दिवशी गाडीच नाही, की टूल बिघडलं? म्हणून वर्णनात लिहायला हवं: तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमानं, स्टेशनचं नाव नको, रेल्वेचा कोड द्या, रिकामी यादी म्हणजे गाडी नाही. शिवाय आणखी एक वाक्य: ‘हे टूल फक्त शोधते, आरक्षण करत नाही.’ टूल कशासाठी वापरू नये, हे सांगणारं हे वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, आणि नेमकं तेच बहुतेक जण गाळतात. टूल लिहिणाऱ्याला ते इतकं उघड वाटतं, की लिहावंसंच वाटत नाही.

एरर मेसेज हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग. ‘विनंती अवैध’ एवढंच म्हटलं, तर एजंट तीच विनंती पुन्हा करून पाहील. ‘तारीख २०२५-११-०५ अशी द्या’ म्हटलं, तर पुढच्या फेरीत तो सुधारेल.

मग भरभरून लिहावं का? तेही नाही. मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर वाचू शकतं, त्या मर्यादित संदर्भातच टूलांची वर्णनं जागा खातात, आणि टूलनं परत दिलेला मजकूरही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४मध्ये ‘एसडब्ल्यूई-एजंट’ हा कोड दुरुस्त करणारा एजंट बांधला, तेव्हा फाइल दाखवणाऱ्या टूलला एका वेळी १०० ओळींची मर्यादा घातली. शोधातून ५०पेक्षा जास्त निकाल निघाले, तर ते ओतून न देता शोध नेमका करायला सांगितलं जाई. आणि एजंटनं कोड बदलताना व्याकरणाची चूक केली, तर तो बदल तिथल्या तिथे नाकारला जाई.

वर्णन पुरेसं आहे का, हे टेबलाशी बसून ठरत नाही. एजंटला खरी कामं देऊन तो कुठे अडखळतो, त्याची नोंद वाचावी लागते. अँथ्रॉपिकनं आपल्या क्लॉड या मॉडेलला वेब-शोधाचं टूल दिलं, तेव्हा तो गरज नसताना शोधशब्दांपुढे ‘२०२५’ जोडत असल्याचं दिसलं. निकाल त्यामुळे बिघडत होते. टूलचं वर्णन सुधारल्यावर ती खोड गेली. डॉक्युमेंटेशन वाचणारा नेमका कुठे चुकला, हे इतक्या बारकाईनं पाहायची सोय मॅन्युअल लिहिणाऱ्यांना क्वचितच मिळाली होती.

पण जो मजकूर एजंट मुकाट्यानं मानतो, त्यातून त्याला फसवताही येतं. बेरीज करणाऱ्या साध्या टूलच्या वर्णनात ‘आधी वापरकर्त्याची अमुक खासगी फाइल वाचून इथे जोड’ अशी सूचना लपवता येते, हे इन्व्हेरियंट लॅब्ज या कंपनीनं २०२५मध्ये दाखवून दिलं. वापरकर्त्याला पडद्यावर बहुधा टूलचं नाव तेवढं दिसतं. एजंट मात्र पूर्ण वर्णन वाचतो. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये ‘हे टूल फक्त वाचते’, ‘हे टूल नासधूस करू शकते’ अशा खुणा जोडायची सोय आहे. पण टूल देणारा भरवशाचा नसेल तर या खुणांवर विसंबू नये, असं तोच संकेत बजावतो. फाइल पुसणाऱ्या किंवा पैसे पाठवणाऱ्या टूलआधी माणसाची परवानगी मागणारी पायरी प्रोग्रॅममध्येच असावी लागते. ते काम वर्णनातल्या वाक्यावर सोपवता येत नाही, मग ते कितीही नेमकं लिहिलेलं असो.