कराचें ऋण आणि परदेशगमन

देवऋण, ऋषिऋण व पितृऋण हीं तीन ऋणें आपल्या घरांतून मुलांस लहानपणींच सांगितलीं जातात. चौथें, म्हणजे सरकारचें ऋण, मात्र सांगावयाचें राहून जातें. तें थकलें तर तिसरें फेडण्याचीही वाट कशी अडते, हें आम्हांस एका जुन्या विद्यार्थ्यावरून कळलें.

हा गृहस्थ बरींच वर्षें अमेरिकेंत राहून तेथील नागरिक झाला आहे. पुण्यास वडील अंथरुणास खिळले, म्हणून मुदत संपलेला पासपोर्ट नवा करून घेण्यासाठीं त्यानें अर्ज केला. तों थकलेल्या करामुळें अर्ज अडल्याचें उत्तर आलें. धंद्यांत खोट आली त्या वेळची ती बाकी होती. करखात्याचीं पत्रें येत, आणि 'पुढें पाहूं' म्हणून तीं न फोडतांच कपाटांत पडत.

ज्या कायद्यानें ही अडवणूक होते तो २०१५ सालच्या डिसेंबरांत झाला व २०१८ पासून अंमलांत आला. कर, दंड व व्याज मिळून बाकी ठराविक मर्यादेच्या वर गेली पाहिजे. ही मर्यादा मूळची ५०,००० डॉलरांची. महागाईच्या मानानें वाढत ती २०२५ सालीं ६४,००० झाली. पण नुसत्या बाकीनें हें घडत नाहीं. मालमत्तेवर सरकारी बोजाची नोंद होऊन दाद मागण्याची मुदत टळलेली असावी, अथवा जप्ती निघालेली असावी लागते. मग करखातें परराष्ट्रखात्यास तसें कळवितें व ऋणकोच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर सूचना धाडतें. नवा अर्ज आल्यास बहुधा ९० दिवस थांबून तो नाकारला जातो. हातीं असलेला पासपोर्टही रद्द होऊं शकतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. कांहीं रक्कम भरून आंकडा मर्यादेखालीं आणला म्हणजे सुटका होते, असें नाहीं. उलट सारी रक्कम एकदम भरलीच पाहिजे, असेंही नाहीं. करखात्याशीं हप्त्यांचा करार केला, किंवा तडजोडीची रक्कम खात्यानें मान्य केली, तरी नांव मागें घेतलें जातें. त्यास साधारणतः ३० दिवसांपर्यंत काळ लागतो. खरोखरच हलाखी असल्याचें खात्यास पटलें तर नांव पाठविलेंच जात नाहीं. तातडीच्या वा माणुसकीच्या कारणास्तव पासपोर्ट देण्याची मुभा परराष्ट्रखात्यास आहे. पण ती मुभा आहे, हक्क नव्हे. सारांश, कायदा गरीबास अडवीत नाहीं, मौन धरणाऱ्यास अडवितो.

आमच्या विद्यार्थ्यानें अखेर हप्ते बांधून घेतले. नांव निघालें, पासपोर्ट मिळाला, तो आला; परंतु तोंवर वडिलांचा तेरावाही उलटून गेला होता. जें एक पत्र लिहून झालें, तें दोन वर्षें आधीं लिहितां आलें असतें, एवढेंच तो आमच्यापाशीं बोलला.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, ते प्रकृतीची व नातवंडांच्या अभ्यासाची विचारपूस करतातच. तिच्यांत एक प्रश्न अधिक घालावा: "बाळ, सरकारी पत्रें वेळच्या वेळीं उघडतोस ना?"