शेंदरी दगड वाचणारा गणिती
काशीच्या अहिल्याबाई घाटाशी मराठी माणसाचं नातं जुनं. याच काशीत गोव्याचे धर्मानंद कोसंबी संस्कृत शिकले. त्यांचे पुत्र दामोदर १९२९ ते १९३१ या काळात इथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवत होते. पुढे पुण्यात राहायला आल्यावर या गणितीला नाद लागला तो शेंदूर फासलेल्या दगडांचा! म्हसोबाची, देवीची ठाणी धुंडाळत ते रानोमाळ पायी हिंडले. त्या परिसरात त्यांना अश्मयुगीन माणसाची गारेची इवलीशी हत्यारं सापडली. गुराख्यांच्या प्राचीन वाटा जिथे मिळत, तिथे ही दैवतं वसली, असं त्यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात मांडलं. नवस बोलणाऱ्या अडाणी बाईची समजूतही त्यांनी पुराव्यासारखी जपली. रस्ता रुंद करताना असा दगड हलवला, तर ती वाट कायमची पुसली जाते.