हौशी सुतार घरी पाहुणा येणार असेल, तर चहाच्या आधी पटाशीला धार लावून ठेवा

रीलमध्ये रंधा सर्रकन जातो, कागदापेक्षा पातळ अशी लाकडाची सुरळी वर येते आणि तो आवाज ऐकून आपल्यालाही वाटतं, हे जमेल की! मग पुण्यातल्या जुन्या बाजारातून एक रंधा येतो, ऑनलाइन पटाश्यांचा संच येतो, कुणाच्या तरी घरी काढून टाकलेल्या पलंगाचं सागवान मिळतं. पहिल्या रविवारी बाल्कनीत काम सुरू होतं आणि रंधा जागच्या जागी अडतो. जोर लावला की लाकूड उचकटतं. पटाशी घसरते. व्हिडिओ पुन्हा लावला जातो. सगळं अगदी तसंच तर करतोय, मग बिनसतंय कुठे?

बहुतेक वेळा उत्तर एकाच शब्दाचं असतं, ते म्हणजे धार.

पण ‘धार लाव’ एवढं सांगून भागत नाही. हत्याराला खरी धार असते तेव्हा हाताला काय जाणवतं, हेच त्याला माहीत नसतं. दुकानातून आलेली पटाशी बोटाला टोचते, म्हणजे ती धारदार आहे असंच तो धरून चालतो. पूर्वी हा प्रश्न यायचाच नाही. सुतार हा गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी एक. त्याच्या घरातलं पोर बापाशेजारी बसूनच मोठं व्हायचं. चांगला रंधा कसा वाजतो, हे त्याच्या कानाला पुस्तकाआधी कळायचं. आयटी कंपनीत काम करून शनिवार-रविवारी रंधा हातात घेणाऱ्याला असा बाप कुठून मिळणार? त्याला मिळू शकतो तो आपल्यासारखाच दुसरा हौशी, जो या वाटेवर दोन-तीन वर्षं पुढे आहे.

म्हणून एका हौशी सुताराने दुसऱ्याला आपल्या घरच्या वर्कशॉपमध्ये बोलावणं ही फार उपयोगी गोष्ट आहे. वर्कशॉप म्हणजे मोठी शेड लागते असं नाही. यंत्रं नसतील, नुसती हाताची हत्यारं असतील, तर बाल्कनी, गच्चीवरची खोली किंवा पार्किंगचा एक कोपरा पुरतो. अडचण जागेची नसते. बरेचदा अशी भेट हत्यारं दाखवण्यात आणि गप्पा मारण्यात संपते. हा रंधा कितीला घेतला, ती करवत कुठून मागवली, मग चहा, मग फोटो. पाहुणा घरी जातो तेव्हा त्याची खरेदीची यादी तेवढी वाढलेली असते.

हे टाळायचं असेल तर त्याला फोनवर आधीच सांगा: तुमची एक पटाशी किंवा रंध्याचं पातं घेऊन या, जे तुम्हाला सगळ्यात जास्त छळतंय ते. (येताना ती जाड कापडात किंवा कॅनव्हासमध्ये गुंडाळून आणायला सांगा. विमानाने येत असेल तर हत्यारं केबिनमध्ये नेता येत नाहीत, चेक-इन सामानातच द्यावी लागतात. मेट्रोच्या तपासणीतही ती अडू शकतात.) तो डावखुरा आहे का आणि त्याची उंची किती, हेही विचारून घ्या. उंचीचा मुद्दा पुढे येईलच.

पाहुणा आल्यावर पहिलं काम त्याचं हत्यार बघण्याचं नाही. आपली आदल्या रात्री नीट धार लावून ठेवलेली पटाशी त्याच्या हातात द्या. सोबत पॅकिंगच्या खोक्यातून निघतं तसलं मऊ पाइनचं लाकूड द्या आणि त्याच्या टोकाकडच्या बाजूवर, म्हणजे जिथे तंतू आडवे कापले जातात तिथे, एक पातळ काप काढायला सांगा. त्यानंतर त्याच जागी त्याची स्वतःची पटाशी चालवायला सांगा.

धारेची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. हातावरचे केस कापून बघणारे बघोत, पण अर्धवट धारही केस कापते. मऊ लाकडाचं टोक मात्र फसत नाही. खऱ्या धारेने कापलं की तिथे गुळगुळीत, किंचित चकाकणारा पृष्ठभाग मिळतो. बोथट पटाशीखाली ते मऊ तंतू कापले जाण्याऐवजी चिरडतात आणि तिथे पांढरट, भुसभुशीत डाग दिसतो. दोन्ही काप शेजारी-शेजारी दिसले की पाहुण्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जोर किती कमी लागला, हे त्याच्या मनगटाला आधीच कळलेलं असतं.

आता त्याची पटाशी घ्या आणि धार त्यालाच लावू द्या. धार म्हणजे दोन सपाट बाजू जिथे मिळतात ती रेघ. एक बाजू उताराची, दुसरी पाठीची. नवशिके उतार घासत बसतात आणि पाठीकडे बघतही नाहीत. स्वस्त पटाशीची पाठ बऱ्याचदा खोलगट किंवा ओबडधोबड असते आणि ती सपाट होत नाही तोवर उतार कितीही घासला तरी उपयोग नसतो. सगळी पाठ आरशासारखी करायची गरज नाही, टोकाजवळचा इंच-दीड इंच भाग पुरे.

उताराचा कोन साधारण २५ अंशांचा असतो. अगदी टोकाशी ३० अंशांचा एक बारीकसा दुसरा उतार दिला की धार जास्त टिकते आणि दर वेळी पूर्ण बाजू घासावी लागत नाही. महागडे जपानी दगड नसतील तर जाड काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर चिकटवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या २२० नंबरपासून सुरुवात करून पायरी-पायरीने २००० पर्यंत जा. घासताना पाठीच्या बाजूला लोखंडाची एक सूक्ष्म कड वळून येते. बोट धारेकडून बाहेरच्या दिशेने हलकेच सरकवलं की ती जाणवते. ती टोकाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग आली, तर समजायचं की धारेपर्यंत पोचलो. ती येण्याआधीच पुढच्या नंबरच्या कागदावर जाणं, बहुतेकांची गाडी इथेच अडते. ही कड नेमकी कशी लागते हे व्हिडिओत दिसत नाही. शेजारी बसलेला माणूस मात्र ‘हं, आता इथे बोट लावून बघा’ असं सांगू शकतो. शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर पातं मागे ओढत घासायचं. न्हावी वस्तरा परजतो, अगदी तसंच.

या सगळ्यात तास-दीड तास जातो, आणि जाऊ द्यावा. धारेचं हे वेड कुठवर जाऊ शकतं हे बघायचं असेल तर जपानकडे बघा. तिथे केझुरोकाई नावाचे मेळावे भरतात. त्यात व्यावसायिक आणि हौशी सुतार एकत्र येऊन कोण किती पातळ सुरळी काढतो याची चुरस लावतात. तिथे १० मायक्रॉनपेक्षाही पातळ सुरळ्या निघतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो! आपल्याला तिथवर जायची गरज नाही, पण एकमेकांचं हत्यार चालताना बघायला माणसं मुद्दाम जमतात, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

धार झाली की रंधा आणि करवतीकडे वळा. इथे यजमानाने हात पाठीमागे बांधून उभं राहायला शिकायला हवं. पाहुण्याला चार वेळा रंधा मारू द्या आणि नुसतं बघा. सुरुवातीला दाब पुढच्या मुठीवर आणि शेवटाला मागच्या हातावर हवा. तसं झालं नाही की फळीच्या दोन्ही टोकांना उतार पडतो. करवत धरताना तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ ठेवली की हात भरकटत नाही. जपानी करवत ओढताना कापते आणि पाश्चात्त्य पद्धतीची ढकलताना. एकीची सवय असलेला माणूस दुसरी उचलतो तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत पातं वाकवू शकतो, म्हणून हे आधीच सांगा. मात्र एका वेळी एकच गोष्ट सांगा. पाच सूचना एकदम दिल्या तर माणूस लाकडाकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघायला लागतो.

आता उंचीचा मुद्दा. वर्कबेंच ज्याने केलं त्याच्या मापाचं असतं. रंधा मारण्यासाठी साधारण मनगटाच्या आसपासची उंची सोयीची मानतात. तुम्ही पावणेसहा फुटांचे आणि पाहुणी पाच फूट एक इंचाची असेल, तर तिला तिथे अंगाचा भार वापरताच येणार नाही, फक्त दंड दुखतील. बेंच काही कापता येत नाही. बेंचपुढे एक भक्कम, न डगमगणारा लाकडी प्लॅटफॉर्म ठेवा, जेवणाच्या पाटासारखा पण लांब-रुंद. नाहीतर सरळ खाली बसा. आपल्याकडचे सुतार पिढ्यान् पिढ्या जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून धरून काम करत आले आहेत. पाश्चात्त्य व्हिडिओ बघून आपल्याला वाटतं की बेंच नसेल तर सुतारकामच नाही. तसं अजिबात नाही.

पायावरून आठवलं. काही घरांत हत्याराला पाय लागलेला चालत नाही, खंडेनवमीला त्यांची पूजा होते. काहींना रंधा आडवा ठेवलेला आवडतो, काहींना उभा. या वादाचा निकाल लागलेला नाही आणि लागणारही नाही. ज्याचं घर, त्याची पद्धत. पाहुण्याने ‘दादा, हा रंधा घेऊ का?’ असं विचारूनच हात लावावा. यजमानालाही एखादं हत्यार कुणाला द्यायचं नसेल, तर ते आधीच आत ठेवावं. समोर ठेवून मग नाही म्हणणं वाईट दिसतं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर दिवसाचा क्रम शेजाऱ्यांचा विचार करून ठरवा. रंधा आणि करवत फारशी कुणाला ऐकू जात नाहीत, पण पटाशीवर मोगरीचे ठोके मारून खाच पाडायला लागलात की खालच्या मजल्यावर छत वाजतं. रहिवासी भागासाठी कायद्याने ठरलेली आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पण सोसायटीत डेसिबल मोजण्यापर्यंत वेळ येत नाही, त्याआधीच बेल वाजते. ठोकाठोकी सकाळी उरकून घ्या, दुपारी धार आणि आखणी. बेंचच्या पायांखाली जाड रबर घाला आणि खाच बेंचच्या मधोमध न पाडता पायाच्या बरोबर वर पाडा. आवाज कमी होतो आणि ठोकाही वाया जात नाही.

सुरक्षेचं थोडक्यात. दोन्ही हात नेहमी पटाशीच्या धारेच्या मागे. एका हातात लाकूड आणि दुसऱ्या हातात पटाशी, हे पाहुण्याला दिसताक्षणी थांबवा, संकोच करू नका. पायात बंद बूट हवेत. पॉलिश पेपर मारणार असाल तर मास्क हवा. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवलंय. हाताच्या हत्यारांनी भुसा जाड पडतो ही त्यातली जमेची बाजू, पण पॉलिश पेपरची धूळ बारीकच असते.

आणि पाहुणा हौशी नसून पोटासाठी काम करणारा मिस्त्री असेल तर? जरूर बोलवा. प्लाय आणि सनमायकाच्या जमान्यात साइटवर हाताच्या रंध्याला काम कमी उरलंय, त्यामुळे ते सुंदर चालवणारे हातही कमी होत चाललेत. पण तुमच्या घरी तुम्हाला शिकवायला आलेल्या माणसाचा तो दिवस बुडतो. त्या दिवसाची मजुरी आधी ठरवून द्या. ‘चहा घेऊ, जरा दाखवा ना’ म्हणून चार तास फुकटात बसवून घेणं बरं नाही.

संध्याकाळी पाहुण्याने रिकाम्या हाताने जाऊ नये. करवत चालवताना लाकूड अडवून धरायची छोटी फळी करायला सोपी असते. एक पाट आणि त्याच्या दोन टोकांना, एक वर आणि एक खाली, अशा दोन पट्ट्या. दोन तासांत होते आणि रोज वापरात येते.

तो गेल्यावर हत्यारं पुसायला विसरू नका. दिवसभर दोन जणांच्या घामाचे हात लागलेले असतात आणि पावसाळ्यात कोकणपट्टीत एका रात्रीत गंज धरतो. मशीनच्या तेलाचा हलका बोळा पुरतो. जवसाच्या तेलाचं पॉलिश केलं असेल तर त्याच्या चिंध्या मात्र बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता तयार होते आणि गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून, घराबाहेर पूर्ण वाळवून किंवा पाण्यात बुडवूनच फेका.

पाहुणा नागपूरहून मुंबईला आला असेल आणि सोबत सागवानाची फळी नेणार असेल, तर त्याला एक सांगून ठेवा. फळी घरी पोचली की लगेच सांधा कापायला बसू नका. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्यामुळे ते रुंदीत फुगतं आणि आकसतं. मुंबईच्या दमट हवेत राहिलेली फळी नागपूरच्या कोरड्या हवेत थोडी आकसणारच. खाली दोन पट्ट्या ठेवून, चारही बाजूंनी वारा लागेल अशी ती दोन-तीन आठवडे पडू द्या. तोवर पटाशीला धार लावायचा सराव चालू ठेवता येईल.