विनोदी एकांकिका बाहेर कधी पाठवावी?

आपल्यापैकी काही जण गणेशोत्सवासाठी विनोदी एकांकिका लिहितात आणि नंतर नागपूरकडे पाठवतात. त्यांच्यासाठी हा अनुभव.

माझी पहिली एकांकिका बोरगावात खूप रंगली. त्याच भरात बाहेर पाठवली. ती परत आली. पुढे लक्षात आले, आपली मंडळी विनोदाला नव्हे, ओळखीच्या माणसाच्या नकलेला हसली होती.

‘विच्छा माझी पुरी करा’ या वगात दादा कोंडके ताज्या घडामोडींवर कोट्या करीत. पण त्याखाली वसंत सबनीसांची पक्की संहिता होती. टपालाने जाणाऱ्या वहीसोबत दादा जात नाहीत. शिवाय महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. ‘तालमीत बघू’ म्हणून भागत नाही.

म्हणून महिनाभर वही बंद ठेवा. मग गावाबाहेरच्या कुणाकडून ती हावभाव न करता मोठ्याने वाचून घ्या. आपण गप्प बसून हशा कुठे येतो तिथे खूण करा. समजावून सांगावा लागणारा विनोद काढून टाका.

बँकेत रोकड जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. इथेही समजावण्यासारखे काही उरले नाही, की पाकीट बंद करावे.