घरासाठी कर्ज आणि त्याची कागदपत्रे

घरासाठी कर्ज काढावयाचे म्हणजे बहुधा तेच घर कर्ज देणाऱ्या संस्थेकडे गहाण ठेवावयाचे. गहाण या शब्दाची खेड्यातील माणसाला पूर्वी धास्ती वाटत असे, आणि ती अकारण नव्हती. कर्जरोख्यात काय लिहिले आहे हे ऋणकोला वाचता येत नसे. अंगठा उठविणे एवढेच त्याच्या हाती असे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले, आणि त्या उठावानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. आज कर्ज देणारी संस्था बदलली आहे, नियम बदलले आहेत. परंतु ज्याची सही त्याने तो कागद वाचलेला असावा, ही गरज बदललेली नाही. शिक्षक स्वतः असे कर्ज काढतो आणि गावातील इतर मंडळीही आपले कागद वाचून घेण्यासाठी त्याच्याकडेच येतात. म्हणून या विषयाची माहिती त्याला असणे दुहेरी अगत्याचे आहे.

गहाण म्हणजे काय?

गहाणाचे निरनिराळे प्रकार मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५८ मध्ये सांगितले आहेत. घरकर्जात त्यांपैकी हक्काचे मूळ दस्तऐवज बँकेच्या स्वाधीन करून केलेले गहाण हा प्रकार विशेष प्रचारात आहे. यात घराची मालकी व ताबा ऋणकोकडेच राहतो. मात्र हप्ते थकल्यास ती मालमत्ता विकून रक्कम वसूल करण्याचा मार्ग बँकेला मोकळा असतो. यामुळे बँकेला दोनच गोष्टींची खात्री हवी असते. अर्जदार कर्ज फेडू शकेल काय, ही पहिली. आणि जी मिळकत तो तारण देत आहे ती निर्विवाद त्याची आहे काय, ही दुसरी. बँक मागते तो प्रत्येक कागद या दोहोंपैकी एका प्रश्नाचे उत्तर असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे कागदांची लांबलचक यादी पाहून गोंधळ होत नाही.

फेडीच्या शक्तीचे कागद

पगारदार शिक्षकाचे हे काम तुलनेने सोपे आहे. नेमणुकीचा आदेश, वेतन प्रमाणपत्र, अलीकडील महिन्यांच्या वेतनपावत्या, पगार जमा होतो त्या खात्याचा उतारा, आयकराचा नमुना १६, पॅन व आधार एवढे कागद बहुतेक ठिकाणी लागतात. किती महिन्यांचे उतारे हवेत हे प्रत्येक बँक आपल्या नियमाप्रमाणे ठरविते. म्हणून प्रथमच लेखी यादी मागून घ्यावी. म्हणजे हेलपाटे वाचतात.

शिक्षकांच्या पतपेढीचे कर्ज चालू असेल तर ते अर्जात अवश्य दाखवावे. सहकाऱ्याला जामीन राहिलेल्या शिक्षकाने तेही लपवू नये. जामिनकीही कर्जविषयक नोंदींत दिसू शकते, आणि मूळ ऋणकोने हप्ते चुकविल्यास तिचा भार जामीनदारावर येतो.

किती कर्ज काढावे याचा हिशेब अर्जापूर्वीच करावा. उदाहरणार्थ, २० लाख रुपये दरसाल ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये होतो आणि एकूण व्याज सुमारे २३ लाख १९ हजार रुपये भरावे लागते. तीच रक्कम १० वर्षांत फेडावयाची ठरविल्यास हप्ता सुमारे २५,३३५ रुपयांवर जातो. परंतु व्याज सुमारे १० लाख ४० हजारच पडते. याखेरीज, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज मिळकतीच्या किमतीच्या फार तर ९० टक्के देता येते. उरलेली रक्कम, मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च यांची तजवीज अर्जदाराने आधी केलेली असावी.

जागेच्या हक्काचे कागद

खरी अडचण येते ती येथे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा व घरपट्टीची पावती जवळ असली की घर आपल्या नावावर आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. कर कोण भरतो हे तीवरून कळते, मालकी सिद्ध होत नाही. सातबारा हादेखील महसुली अभिलेख आहे. त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, परंतु तेवढ्याने खरेदीखताची उणीव भरून निघत नाही. म्हणून बँकेचे वकील खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र किंवा वारसाची नोंद पाहतात, फेरफार तपासतात आणि मागील अनेक वर्षांचा, बहुधा ३० वर्षांचा, शोध घेऊन मालकीची साखळी कोठे तुटली आहे काय हे पाहतात.

गावठाणातील घरांना सातबारा बहुधा नसतोच. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. ज्या गावी हे काम पूर्ण झाले आहे तेथे ती पत्रिका प्रथम मिळवावी आणि तीवरील नाव व क्षेत्र ताडून पाहावे. शेतजमिनीवर बांधावयाचे असेल तर अकृषिक वापराबाबतची स्थिती व जमीन भोगवटादार वर्ग १ ची की वर्ग २ ची, हे तहसील कार्यालयातून निश्चित करून घ्यावे. वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. बांधकामाची परवानगी, मंजूर नकाशा व अभियंत्याचे अंदाजपत्रक हे कागद यानंतरचे होत.

वडिलोपार्जित घराच्या बाबतीत एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. घर अद्याप आजोबांच्या नावावर आहे, वडील वारले आहेत, दोघे भाऊ गावात आहेत आणि बहीण सासरी आहे, अशी स्थिती सर्वत्र आढळते. अशा वेळी घाईघाईने दोघा भावांचीच नावे लावण्याचा मोह होतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, आणि हा हक्क जन्माने प्राप्त होतो, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. बहिणीला वगळून केलेली नोंद कर्जात आडवी येते, आणि मुख्य म्हणजे ती अन्यायाची असते. बहीण स्वेच्छेने हिस्सा सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत करावे. पण त्यापूर्वी तो कागद तिला वाचून दाखवावा, तिच्या हिश्श्याची किंमत सांगावी आणि विचाराला अवधी द्यावा. कर्जाची निकड हे तिची सही घाईने घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

नावांचा मेळ

एकाच माणसाचे नाव आधारवर एक, खरेदीखतात दुसरे आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसरे, अशी तफावत असल्यास प्रकरण महिनोन् महिने अडकते. या तफावतीचा उगम कित्येकदा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडतो. पहिलीत नाव घालताना ‘विठोबा’चा ‘विठ्ठल’ झाला, आईचे नाव गाळले गेले किंवा जन्मतारीख अंदाजाने लिहिली, तर तीस वर्षांनी त्याचे फळ त्या मुलाला भोगावे लागते. प्रवेशाच्या वेळी जन्माचा दाखला पाहून नोंद करणे आणि ती पालकांना मोठ्याने वाचून दाखविणे, एवढी दक्षता शिक्षकाच्या हाती आहे.

सहीपूर्वी व फेडीनंतर

करारनाम्यातील व्याजदर स्थिर आहे की बदलता, तो कशावरून बदलतो, मुदतपूर्व फेडीची अट काय, हे सही करण्यापूर्वी वाचावे. कोरी जागा ठेवलेल्या कागदावर सही करू नये. बँकेकडे दिलेल्या प्रत्येक मूळ दस्तऐवजाची यादी करून तीवर पोच घ्यावी व सर्व कागदांच्या प्रती घरी ठेवाव्यात.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत करणे बंधनकारक आहे. बँकेच्या दोषामुळे विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देय होते. दस्तऐवज मिळताच ते जुन्या यादीशी ताडावेत, कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा नोंदलेला असल्यास तो कमी करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. शेवटचा हप्ता भरल्यावर हे काम पुष्कळांकडून राहून जाते, आणि फिटलेले कर्ज पुढच्या पिढीच्या कागदावर तसेच उभे राहते.