गळू कापल्यानंतरची देखभाल

काळूच्या मांडीत दुसऱ्या कुत्र्याचा दात रुतला होता. वरची कातडी भरून आली, आत पू साचला. डॉक्टरांनी गळू कापून धुतलं, पण टाका घातला नाही. जखम आतून भरत वर यायला हवी. तोंड आधी मिटलं तर पू पुन्हा कोंडतो.

म्हणून शेक महत्त्वाचा. उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून स्वच्छ फडका पिळते, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघते, मग पाच-दहा मिनिटं जखमेवर धरते. सुरुवातीला रक्ताळ पाणी येतं, ते येऊ द्यावं. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड नको, नव्या पेशी जळतात. आयबुप्रोफेनसारख्या आपल्या गोळ्या तर कुत्र्याला विषच. चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर. बिचारा दारांना धडकतो, तरी काढायची नाही. अँटिबायोटिकचा कोर्सही पूर्ण करायचा.

पावसाळ्यात मला सगळ्यात धास्ती माश्यांची. त्यांनी अंडी घातली की दिवसभरात अळ्या. रोज केस बाजूला करून, उजेडात नीट बघायचं. वास आला, सूज परतली, खाणं सुटलं किंवा ताप १०३ अंश फॅरेनहाइटवर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.