शिशाशिवाय पांढरा उजेड

आमचे अण्णा जुळारी होते. सांगलीतल्या एका छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षं खिळे जुळवले. गणपती उठले की दिवाळी अंकांची गडबड सुरू व्हायची आणि अण्णा मध्यरात्री घरी यायचे, बोटं काळपट झालेली. खिळा म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा मिश्रधातू. दुपारचा डबा ते खिळ्यांच्या केसशेजारीच बसून खात. पन्नाशीत त्यांचं उजवं मनगट लुळं पडू लागलं, पेला धरता येईना. डॉक्टरांनी वाताचं औषध दिलं. रक्तातलं शिसं तपासावं असं कुणाच्या मनात आलं नाही, म्हणून ते शिशानेच झालं असं मी आज छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण त्या धातूचा माग काढायची सवय मला तेव्हा लागली ती लागलीच.

मी वाणिज्य शाखेचा. पोटासाठी आयुष्यभर हिशेब लिहिले. रसायनशास्त्र दहावीनंतर वर्गात बसून शिकलो नाही, जे आलं ते शोधनिबंध पुन्हापुन्हा वाचून. त्या वाचनात मला शिसं भलत्याच ठिकाणी भेटलं. उद्याच्या दिव्यांच्या संशोधनात!

आजच्या एलईडी बल्बमध्ये पांढरा प्रकाश देणारा पदार्थच नसतो. आत एक निळी चकती असते, गॅलियम-इंडियम नायट्राइडची. तिच्यावर सिरियम मिसळलेल्या यट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटचा पिवळा थर. थोडी निळाई आरपार येते, उरलेलीचा पिवळा होतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. निळ्या चकतीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. सोय मोठी झाली, पण या उजेडात लाल रंग कमी. भाजीवालीच्या गाडीवर टोमॅटो फिकट दिसतात ते त्यामुळे. लाल भुकटी वेगळी मिसळता येते, पण दोन भुकट्या एकसारख्या म्हाताऱ्या होत नाहीत आणि काही वर्षांत दिव्याचा रंग सरकतो. एकाच पदार्थाने सगळा पांढरा प्रकाश द्यावा, ही इच्छा इथून निघाली.

तो पदार्थ धातूंच्या हॅलाइडांमध्ये सापडला. हॅलाइड म्हणजे क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीनशी धातूचं मीठ. यातल्या अनेकांची रचना पेरोव्हस्काइट नावाच्या खनिजासारखी असते. १८३९ साली उरल पर्वतातल्या नमुन्यावरून गुस्ताव रोझे यांनी त्याचं वर्णन केलं आणि पेरोव्हस्की या रशियन खनिजसंग्राहकाचं नाव त्याला दिलं. २०१४ साली स्टॅनफर्डमध्ये हेमामाला करुणादासा यांच्या गटाने शिसं-ब्रोमाइडचे पातळ थर असलेले स्फटिक केले. ते एकटेच पांढरे उजळले. पहिल्या पदार्थाची कार्यक्षमता जेमतेम अर्धा टक्का होती, दुसऱ्याची नऊ टक्के. पण वाट सापडली होती.

एकच पदार्थ सगळे रंग कसे देतो, हे समजायला मला बराच काळ लागला. साध्या अर्धवाहकात प्रकाशाने उचकलेला इलेक्ट्रॉन एका ठराविक उंचीवरून खाली येतो, म्हणून एकच रंग मिळतो. हे स्फटिक मात्र मऊ असतात. कापसाच्या गादीवर बसलं की आपल्याभोवती गादी खचते, तसा इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली पोकळी यांच्याभोवती स्फटिकाची जाळी खचते आणि ती जोडी त्या खळग्यात अडकते. खचण्यात काही ऊर्जा जाते, उरलेली प्रकाश होऊन बाहेर पडते. जाळी सतत थरथरत असते, त्यामुळे ही उरलेली ऊर्जा दर वेळी थोडी निराळी. म्हणून निळ्यापासून लालापर्यंतचा पट्टा एकदम मिळतो. इलेक्ट्रॉन स्वतःच्याच खळग्यात अडकू शकेल ही कल्पना लेव्ह लांडाऊ यांनी १९३३ सालीच मांडली होती.

अडचण शिशाची. तीन मितींचं साधं सीझियम-शिसं-ब्रोमाइड घ्या: अणुभारांची बेरीज केली तर वजनाचा पस्तीस टक्क्यांहून अधिक भाग शिसं निघतो. युरोपच्या नियमांत विजेच्या उपकरणातल्या एकजिनसी पदार्थात सर्वसाधारणपणे ०.१ टक्का शिसं चालतं. काही जण म्हणतात, एका दिव्यात भुकटी असून असून किती असणार? हिशेबनीस म्हणून मला हा युक्तिवाद पटत नाही. दिवे कोट्यवधी असतात, आणि खिळ्यातलं शिसं पाण्यात सहजी विरघळत नाही, या मिठातलं विरघळतं. शिवाय आजच्या बल्बच्या पांढऱ्या उजेडाला शिसं लागतच नाही. ते तिथे नव्याने आणायचं का, हा खरा प्रश्न. पेट्रोलमध्ये १९२३ साली शिसं आलं तेव्हाही मात्रा थोडीच होती. भारतात ते २००० साली बंद झालं, जगात शेवटी अल्जीरियात २०२१ साली. काढायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

शिशाच्या जागी काय घालायचं? पहिला विचार कथिलाचा, कारण आवर्तसारणीत ते शिशाच्या बरोबर वर बसतं. पण दोन इलेक्ट्रॉन सोडलेलं कथील हवेत आणखी दोन सोडून मोकळं होतं आणि स्फटिक बिघडतो. मग जमाखर्चाची एक युक्ती निघाली, जी मला फार आवडली. शिशाचा प्रभार दोन. दोन शिशांच्या जागी एक चांदी, प्रभार एक, आणि एक इंडियम, प्रभार तीन. एक अधिक तीन, दोन अधिक दोन. खातं जुळलं. त्यातून सीझियम, चांदी, इंडियम आणि क्लोरीन यांचा दुहेरी पेरोव्हस्काइट तयार झाला. २०१७ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली.

तो पांढरा उजळत होता, पण इतका मंद की उपयोग शून्य. जाळी खचत होती, जोडी अडकत होती, तरी प्रकाश बाहेर पडेना. कारण सममिती. त्या खळग्यातल्या इलेक्ट्रॉनचा आणि पोकळीचा आकार असा काटेकोर समतोल होता की पुंजयामिकीच्या नियमाने खाली उतरायला मनाईच होती.

ती मनाई मोडली मिठाने. वूहानमधल्या ह्वाजोंग विद्यापीठातल्या जियांग तांग यांच्या गटाने चांदीच्या चाळीस टक्के जागा सोडियमला दिल्या. सोडियम इलेक्ट्रॉनच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. अडकलेल्या इलेक्ट्रॉनचा पसारा आवरतो, समतोल ढळतो आणि मनाई उठते. प्रकाश हजार पटीने वाढला. सोबत ०.०४ टक्के बिस्मथ घातल्यावर कार्यक्षमता ८६ टक्क्यांच्या आसपास गेली, रंग उबदार पांढरा, आणि दिवा हजार तासांहून अधिक चालला. निबंध २०१८ साली ‘नेचर’मध्ये आला. सोडियम याहून वाढवलं की उजेड पुन्हा घटतो. आमटीत मीठ घालणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको.

आता खर्चाची बाजू. हा पदार्थ निळ्या चकतीने पेटत नाही, त्याला अतिनील प्रकाश लागतो, आणि तशा चकत्या निळ्याइतक्या काटकसरी नाहीत. मधली चकती वगळून थेट विजेने तो पेटवायचे प्रयत्न अजून फार मागे आहेत. बाजारातल्या खोक्यांवर पंचवीस हजार तास छापलेले असतात. हजार तास त्यापुढे कमीच. आणि इंडियमची स्वतंत्र खाण नसते, ते मुख्यतः जस्त शुद्ध करताना हाती येतं. मोबाईलच्या पडद्यांनाही तेच हवं असतं.

म्हणून काही जण तांब्याकडे वळले आहेत. सीझियम-तांबं-आयोडाइडचा एक प्रकार निळा उजळतो, दुसरा पिवळा, आणि दोन्ही एकाच थरात बसवून पांढरा प्रकाश काढून दाखवला आहे. तांबं स्वस्त, पण या निळ्याला चेतवायला आणखी लघू लहरींचा अतिनील प्रकाश हवा. आपल्याकडे पुण्याच्या आयसरमध्ये अंगशुमान नाग यांच्या गटाने त्याच चांदी-इंडियमच्या जाळीत मँगनीज मिसळून तांबूस-नारिंगी उजेड मिळवला, तोही २०१८ सालीच. म्हणजे एलईडीला जो रंग कमी पडतो, नेमका त्या बाजूचा.

अण्णांचा एक खिळा माझ्या टेबलावर आहे. ‘ळ’चा, कड झिजलेला. एकदा नात तो उचलून तोंडाकडे न्यायला लागली, तेव्हापासून तो काचेच्या बरणीत झाकण लावून ठेवला आहे.